प्रत्येक आधण निराळे

दारूविषयी मराठीत लिहायचे तर दोन वाटा चांगल्या मळलेल्या आहेत. एक गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची. त्या वाटेने निघालेला माणूस सुधाकर-सिंधूच्या दारापर्यंत जातो आणि डोळे पुसत परत येतो. दुसरी वाट गझलेची. तिच्यावर साकी असते, मैफल असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोणालाच जायचे नसते. मी ज्या वाटेने जाणार आहे ती या दोन्हींपेक्षा रुक्ष, म्हणजे खातेवहीची आहे. बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला आकडा दिसला की तो कुठून आला, कोणी लिहिला आणि पडताळला कोणी, हे विचारल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गाळल्या जाणाऱ्या बर्बन नावाच्या व्हिस्कीच्या काही बाटल्यांवर असे आकडे छापलेले असतात की त्यांच्यापायी शहाणीसुरती, कर्त्या वयाची माणसे वेडी झालेली आहेत.

त्या वेड्यांपैकी एक आमच्या घरातला आहे. माझा भाचा ओहायो राज्यात सिनसिनाटीला असतो. ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे केंटकी. शिराळ्याच्या माणसाने वारणेचा पूल ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात जावे तितके ते सोपे. त्याच्या तळघरात एक कपाट आहे आणि त्यात २०१७ पासून जमवलेल्या एकाच नावाच्या बाटल्या आहेत. नाव एक, कंपनी एक, बाटलीचा घाट एक. फरक आहे तो लेबलावरच्या एका बारीकशा संकेतात आणि त्याखालच्या आकड्यात. माझ्या पत्नीने त्याला विचारले, “एकाच पुस्तकाच्या एवढ्या प्रती कशाला रे ठेवल्यास?” तो म्हणाला, “मामी, या प्रती नाहीत, आवृत्त्या आहेत. आणि प्रत्येक आवृत्तीत मजकूर बदललाय.” कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे उत्तर बोचणारच. माझ्या तीन कादंबऱ्यांची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. असो.

हा मजकूर बदलतो कसा, ते आधी पाहू. बर्बन कशाला म्हणावे याचा अमेरिकेत कायदा आहे. तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ती आतून जाळून कोळसलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायला हवी. पिंपात भरताना तिच्यातला मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. बाटलीत भरताना तो ४० टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि मध्ये पाण्याखेरीज काहीही घालायचे नाही. रंग नाही, साखर नाही, वासाचा अर्क नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन ही आपल्या देशाची खास वस्तू असल्याचे जाहीर केले. आपण कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळवले, तसाच काहीसा हा प्रकार.

नेहमीची बर्बन पिंपातून काढली की तिच्यात पाणी घालतात. अनेक पिंपांतली दारू एकत्र करायची, पाणी घालून ठरावीक आकड्यावर आणायची आणि बाटल्या भरायच्या. गिऱ्हाइकाला यंदाची आणि पाच वर्षांपूर्वीची बाटली एकच वाटली पाहिजे, हे तिथल्या मिश्रण करणाऱ्याचे कौशल्य. ‘बॅरल प्रूफ’ या प्रकारात मात्र हे पाणी घालत नाहीत. पिंपातून जी तीव्रता निघाली तीच बाटलीत जाते. १९७९ च्या एका सरकारी निर्णयानुसार, हे शब्द लेबलावर छापायचे तर पिंपातला आणि बाटलीतला फरक दोन प्रूफहून, म्हणजे एका टक्क्याहून, अधिक असून चालत नाही.

प्रूफ या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे, कारण त्याचा आपल्याशीही संबंध आहे. जुन्या काळी इंग्लंडात मद्याची ताकद तपासायला ते बंदुकीच्या दारूवर ओतून काडी लावत, असे सांगतात. पेटली तर माल खरा, फुसफुसली तर पाणी घातलेले. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे या परीक्षेचे वर्णन आपल्या भाषेत फारच सुटसुटीत होते: दारूवर दारू ओतायची. पुढे या परीक्षेच्या जागी मोजमाप आले आणि इंग्रजी शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के असे ठरले. आपल्या भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर ‘४२.८ टक्के’ असा विचित्र अपूर्णांक का असतो, याचे उत्तर यात आहे. तो इंग्रजी मापातला पंचाहत्तर प्रूफ आहे. शंभराला पंचवीस कमी, म्हणून अबकारीच्या भाषेत ‘पंचवीस यूपी’. इंग्रज गेले, त्यांचा अपूर्णांक आपल्या बाटलीवर राहिला. अमेरिकेने हिशेब सोपा केला. तिकडे टक्क्यांची दुप्पट म्हणजे प्रूफ.

आता खरी मौज. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे अमेरिकी १२५ प्रूफ. पण बारा वर्षांनी काही पिंपांतून निघते ती १३६ प्रूफची. पाणी घालायला बंदी नाही हे समजले, पण आत मद्यार्क कोणी ओतला? कोणीच नाही. केंटकीतली गोदामे म्हणजे अनेक मजल्यांचे, अनेक ठिकाणी पत्र्याने मढवलेले, लाकडी मांडण्यांचे वाडे. उन्हाळ्यात वरचे मजले भाजून निघतात. तिथल्या कोरड्या उष्णतेत लाकडाच्या छिद्रांतून मद्यार्कापेक्षा पाणी अधिक वेगाने उडून जाते आणि मागे उरते ते अधिकाधिक तीव्र होत जाते. खालच्या गार, दमट मजल्यांवर उलटे घडते. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपे दोन मजल्यांवर ठेवली तर बारा वर्षांनी ती सख्खी भावंडे वाटणार नाहीत. आणि दोन्हींतून दरवर्षी काही टक्के माल हवेत जातच असतो. त्याला ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्या देशात हे देवदूत फारच तहानलेले आहेत. बंगळुरूला ‘अमृत’ कंपनीच्या पिंपांतून वर्षाला दहा-बारा टक्के माल उडतो, म्हणून तिथली व्हिस्की बारा वर्षे क्वचितच थांबवतात. थांबली तर पिंपात लाकूड तेवढे उरेल.

तेव्हा ‘बॅच’ म्हणजे अशा निवडक पिंपांचा एक जमाव. तो बाटल्यांत भरून संपला की संपला. पुढचा जमाव निराळा आणि त्याचा आकडाही निराळा. जिम बीमचा नातू बुकर नो याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या नावाची अशी पाणी न घातलेली बर्बन काढली. ‘बुकर्स’च्या बॅचना आता नावे असतात. भाच्याच्या कपाटात आहे ती ‘एलायजा क्रेग बॅरल प्रूफ’. बार्ड्‌सटाउन गावच्या हेवन हिल कंपनीने ती २०१३ मध्ये सुरू केली. वर्षाला तीन बॅच निघतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. २०१७ पासून लेबलावर संकेत आला. पहिले अक्षर वर्षातला क्रम सांगते, पुढचा अंक महिना, शेवटचे दोन अंक वर्ष. ‘बी ५१७’ म्हणजे २०१७ ची दुसरी, मे महिन्यातली. ती १२४.२ प्रूफची होती. एका अमेरिकी व्हिस्की-मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम व्हिस्की ठरवले आणि ती बाजारातून नाहीशी झाली. त्याच वर्षीची ‘सी ९१७’ १३१ ची, ‘बी ५१९’ १२२.२ ची, ‘सी ९१९’ १३६.८ ची, ‘ए १२०’ १३६.६ ची. भाच्याला हे सगळे पाढ्यासारखे पाठ आहेत. मला माझ्या शाखेतल्या थकबाकीदारांचे खाते क्रमांक असेच पाठ असत.

हे ऐकताना मला सारखी आठवण होत होती ती वारणाकाठच्या गुऱ्हाळांची. आमच्याकडे एका काहिलीत शिजणाऱ्या रसाला ‘आधण’ म्हणतात. आणि प्रत्येक आधण निराळे असते, हे गुळव्याला शिकवावे लागत नाही. ऊस कोणत्या वाणाचा, काळ्या रानातला की मुरमाडातला, तोडून किती तास झाले, खत किती पडले होते, चुलवणात चिपाड सुके होते की दमट, रानभेंडीचा रस घातल्यावर मळी नीट वर आली की नाही, या सगळ्यांचा जमाखर्च शेवटी त्या पिवळसर रव्यात उतरतो. एक टन उसाचा शंभर-सव्वाशे किलो गूळ. त्यातला चांगला गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि काहील उतरवायची वेळ सांगतो. चार पळे इकडे की गूळ चिकट, चार पळे तिकडे की करपट. बँकेत असताना गुऱ्हाळांना कर्जे देण्याच्या निमित्ताने मी अशा कितीतरी काहिलींच्या कडेला उभा राहिलो आहे. दोन आधणे तंतोतंत सारखी निघालेली मी कधी पाहिली नाहीत.

पण पुढे काय होते ते पाहा. केंटकीतला कारखानदार हा फरक मोजतो, लेबलावर छापतो आणि त्याच कंपनीच्या साध्या, एकसारख्या बाटलीपेक्षा या बाटलीला दुपटीहून अधिक किंमत घेतो. आपल्याकडे तोच फरक सौद्यात मार खातो. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ रंगावर जातो. पिवळाधमक आणि घट्ट असेल तर दर, तपकिरी असेल तर नाक मुरडणे. मग शेतकरीही शहाणा होतो. काहिलीत हायड्रॉस नावाची रंग उडवणारी पूड पडते, कुठे साखर मिसळली जाते, आणि सगळी आधणे एकाच वर्णाची, एकाच घराण्यातली दिसू लागतात. जीभ ज्या फरकाला दाद देते तो डोळ्याला खटकतो, म्हणून आपण पुसून टाकला. तिकडे व्यापारी म्हणतो, ‘यावेळी निराळी आहे, म्हणून घ्या.’ इकडे म्हणतो, ‘दरवेळेसारखीच आहे, म्हणून घ्या.’ एकाच निसर्गावर आधारलेल्या दोन धंद्यांतला हा फरक मला बाटलीतल्या मद्यापेक्षा जास्त चढला.

अमेरिकेतला व्यापारी मुळात साधू होता म्हणून हे झाले, असे मात्र कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात तिथे व्हिस्कीच्या नावाखाली काय काय विकले जाई! साध्या मद्यार्कात रंग, तंबाखूचा अर्क, आलुबुखाराचा रस असले काहीबाही घालून ‘जुनी व्हिस्की’ तयार होत असे. त्याला आळा घालायला १८९७ साली ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी कुलपाच्या गोदामात निदान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी शंभर प्रूफची, असे असेल तरच सरकारी मोहोर. खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा कायदा तिथे १९०६ मध्ये आला, म्हणजे दुधाच्या, औषधाच्या आधी व्हिस्की स्वच्छ झाली! फसवणुकीच्या अनुभवातून तिथे लेबल हा जबाब बनला. आणि जबाब दिला की तो गैरसोयीचा असला तरी द्यावाच लागतो. एलायजा क्रेगच्या प्रत्येक बॅचवर पूर्वी ‘बारा वर्षे’ असे छापलेले असे. २०२३ च्या मे महिन्यापासून कंपनीने प्रत्येक बॅचचे नेमके वय छापायला सुरुवात केली. ‘बी ५२३’ निघाली अकरा वर्षे पाच महिन्यांची. ‘सी ९२३’ तेरा वर्षे सात महिन्यांची. त्यापुढची ‘ए १२४’ दहा वर्षे नऊ महिन्यांची, ११९ प्रूफची. बारा वर्षांचा मानाचा आकडा गेल्याबद्दल गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. मला विचाराल तर, आपली कमी झालेली शिल्लक स्वतःहून पासबुकात छापून देणारा हा व्यवहार आहे.

इथवर सगळे ठीक. पण संग्रह ही गोष्ट निराळी आहे. भाच्याने मला त्याची वही पाठवली. त्याने ती चांगल्या मराठी अक्षरात ठेवली आहे. रकाने असे: बॅच, प्रूफ, खरेदीची तारीख, दुकान, किंमत, आजचा बाजारभाव. शेवटचा रकाना ‘उघडली’. आधीचे सगळे रकाने भरलेले आणि शेवटचा, दोन-तीन नोंदी सोडल्या तर, वरपासून खालपर्यंत कोरा. मी त्याला फोनवर म्हटले, “हे तर अनुत्पादक खाते झाले रे तुझे.”

तो म्हणाला, “मामा, भाव वाढतोय ना.” वाढत होता, यात शंका नाही. साठ-सत्तर डॉलरची बाटली काही बॅचच्या बाबतीत खासगी व्यवहारात तिप्पट-चौपट भावाने गेलेली त्याने पाहिली होती. अमेरिकेत परवान्याशिवाय दारू विकणे बहुतेक ठिकाणी गुन्हाच, तरी असे व्यवहार चालतात. केंटकीने २०१८ पासून कायदा करून परवानाधारक दुकानांना खासगी संग्राहकांकडून जुन्या बाटल्या विकत घ्यायची मुभा दिली, तेव्हा या वेडाला एक अधिकृत खिडकी मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बुकर्स’च्या मालकांनी बॅच कमी करून किंमत एकदम शंभर डॉलरच्या घरात न्यायचे जाहीर केले, तेव्हा गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की कंपनीला वाढ हप्त्याहप्त्याने करावी लागली. दुर्मीळपणा हा मालाचा गुण आहे की विक्रेत्याची युक्ती आहे, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पहिल्यांदा पडला.

तारणाच्या नजरेने पाहिले तर हे तारण फार कच्चे. एक तर द्राक्षाची वाइन बाटलीतही बदलत राहते, व्हिस्की बदलत नाही. पिंपातून काचेत आली की तिचे वाढणे थांबते. बारा वर्षांची बाटली वीस वर्षे कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच. उलट बूच सुकून हवा शिरली तर नुकसान. दुसरे, रिकाम्या बाटलीत भलतेच भरून पुन्हा विकणारे लोक तिकडेही आहेत, आणि न उघडलेल्या बाटलीची परीक्षा करता येत नाही. तिसरे, कधीकाळचा तुटवडा कायमचा नसतो. १९९६ च्या ७ नोव्हेंबरला हेवन हिलच्या गोदामांना आग लागली. सात गोदामे आणि सुमारे नव्वद हजार पिंपे जळाली, भट्टीही गेली. शेजारच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपल्या भट्ट्यांत त्यांचा माल गाळून दिला, हे वाचून सहकाराच्या आमच्या मुलखातल्या माणसाला बरे वाटते. तेव्हा टंचाई खरी होती. पण २०२५ च्या सुरुवातीला केंटकीतल्या गोदामांत दीड कोटीहून अधिक पिंपे मुरत होती आणि राज्याची लोकसंख्या आहे पंचेचाळीस लाखांच्या आसपास. माणशी तीन पिंपे पडून आणि मागणी मंदावलेली. ऊस जास्त झाला की काय होते, हे सांगली जिल्ह्याला कोणी सांगायला नको. भाच्याच्या वहीतला ‘आजचा बाजारभाव’ हा रकाना हल्ली खाली येऊ लागला आहे.

या सगळ्या गोष्टी शिराळ्यात बसून लिहिताना संकोच वाटतो, तोही सांगितला पाहिजे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो आणि परवाना असला तरी किती बाळगायची याला मर्यादा आहे. त्यामुळे भाच्यासारखे कपाट इथे उभे करणे कायद्याच्या चौकटीत बसायचेच नाही. शिवाय आपल्या भारतीय व्हिस्कीचा बराचसा मद्यार्क धान्याचा नसून उसाच्या मळीचा असतो. म्हणजे आमच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो आणि त्यातला थोडा भाग चपटी बाटली होऊन गावात परत येतो. वसुलीला गेलो असता अशी घरे मी पाहिली आहेत, जिथे उसाचे बिल जमा झाल्याची बातमी बायकोला आनंदाने ऐकू येत नाही. त्या घरात ‘बारा वर्षे मुरलेली’ हे शब्द उच्चारायचीही लाज वाटावी. या बायांनीच पुढे मतदान मागितले. गावातल्या मतदार महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला की दुकान बंद, असा आपला नियम. गंमत अशी की व्हिस्कीची बाटली उभीच ठेवावी लागते, कारण आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बुचाला खातो. माझ्या गावातल्या बायकांना हे शास्त्र सांगायला मी काही जाणार नाही.

आणि तरीही आकड्याचे महत्त्व मला इथेच अधिक पटते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारू पिऊन शंभरावर माणसे गेली. त्या फुग्यांवर आणि पिशव्यांवर कसला आकडा नव्हता, कसले नाव नव्हते, जबाब द्यायला कोणी नव्हते. लेबल हा श्रीमंतांचा शौक नाही. ज्याला लेबल मिळत नाही तो गरीबच मरतो.

गेल्या वर्षी भाचा आला तेव्हा येताना दोन बाटल्या घेऊन आला. विमानात सत्तर टक्क्यांहून तीव्र मद्य नेताच येत नाही आणि आपल्या कस्टममध्ये माणशी दोन लिटरची सूट, तेव्हा साडेसातशे मिलिलिटरच्या दोनच. त्याने निवड मात्र डोक्याने केली होती. ‘बी ५१९’ आणि ‘सी ९१९’. एकाच वर्षातल्या, चार महिन्यांच्या अंतराने निघालेल्या, दोन्ही बारा वर्षांच्या. एक ६१.१ टक्के, दुसरी ६८.४. त्याच्या वहीप्रमाणे त्या दोघींची मिळून किंमत बरीच होत होती. “विकायच्या नाहीत का?” असे मी विचारले. त्याने उत्तर न देता बूच काढले.

मी आधी हिशेब केला. ६८.४ टक्क्यांच्या एका बाटलीत पाणी घालून ती आपल्या ४२.८ वर आणली तर जवळजवळ बाराशे मिलिलिटर होते. म्हणजे नेहमीचा एक पेग समजून घ्याल तर तो दीड पेगाहून मोठा असतो. हे ध्यानात न घेता अशा बाटलीशी सलगी करू नये. आम्ही बोटभर ओतली आणि चमच्याने पाणी घालत गेलो. पहिली मऊ होती, भाजलेल्या मक्यासारखी. दुसरी नाकालाच टोचली. पण पाण्याचे पाच-सहा थेंब पडताच तिच्यात दालचिनी आली आणि मागोमाग एक ओळखीचा वास. तो कुठला हे मला सांगता येईना.

आमच्याकडे त्या संध्याकाळी एक जुने गुळवे आले होते. माळकरी माणूस, थेंबाला शिवणार नाहीत. पण वासाला बंदी नाही, असे म्हणून त्यांनी दोन्ही ग्लास नाकाशी धरले. दुसऱ्यापाशी थांबले. म्हणाले, “सायेब, ह्यो पाक कडंला लागलाय. पर करपाय दिला न्हाई. येळंवर उतरवलाय कुनीतरी.” कोळसलेल्या ओकच्या आतल्या भागात लाकडातली साखर भाजून पाकासारखी होते आणि तीच वर्षानुवर्षे मद्यात उतरते, हे भाच्याने पुस्तकात वाचले होते. गुळव्यांनी ते काहिलीवर शिकलेले होते. कोणीतरी वेळेवर उतरवले आहे, हेच तर त्या बॅचचे सारे मर्म. भाच्याने त्या रात्री वहीचा शेवटचा रकाना भरला आणि नंतर त्यात आणखी नोंदी पडत गेल्या, असे त्याच्या फोनवरून कळते. आमच्या गावची जुनी नागपंचमी ज्यांना आठवते त्यांना हे निराळे सांगायला नको. न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागाची पूजा थांबली, पण जेव्हा ती होती तेव्हाही धरलेला नाग गाडग्यात कायमचा ठेवायचा नसे. सण झाला की ज्याच्या त्याच्या रानात सोडून यायचे असे.

संग्राहकांचे हे वेड उद्या ओसरेल. पिंपे जास्त झाली, भाव पडले, की कपाटेही मोकळी होतील. पण त्यातून घेण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला परवाना लागत नाही. वारणाकाठचा एखादा गुऱ्हाळवाला उद्या आपल्या एक किलोच्या गुळाच्या ढेपेवर चार ओळी छापेल का? आधण अमुक तारखेचे, ऊस अमुक वाणाचा, रान अमुक शिवारातले, काहिलीत रानभेंडी आणि चुन्याखेरीज काही घातलेले नाही. रंग तपकिरी आहे, तो तसाच यायचा होता. पुढची ढेप निराळी निघेल. असा जबाब द्यायला खर्च फारसा नाही, धैर्य लागते. आणि गिऱ्हाइकाकडे ती ढेप फोडून, चाखून, दोन ढेपांतला फरक ओळखून त्याचे चार पैसे जास्त मोजायची जीभ लागते. केंटकीला हे दोन्ही जमायला शंभरावर वर्षे लागली. आपल्याकडे जीभ अजून आहे. रव्यावर आकडा तेवढा छापायचा राहिला आहे.